त्रिभुज, त्रिकोण

शाळेत त्रिभुज म्हणायचं, घरी त्रिकोण.
पुरोहित सर फळ्यावर तीन भुजा ओढायचे,
आणि संध्याकाळी रामबागेतल्या आमच्या खोलीत
भाऊ तीच आकृती वहीत बघून विचारायचे,
"कोन मोजलेस का?"
बरीच वर्षं मला वाटत होतं
ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

भाऊ मिलमध्ये ड्राफ्ट्समन होते.
मिल बंद झाली त्या दिवशी
थकलेल्या पगाराऐवजी एक सागवानी गुण्या घेऊन आले,
हातभर लांब, तीस-साठचा,
मधे त्याच्यासारखंच त्रिकोणी भोक.
माझ्या कंपासपेटीतला प्लास्टिकचा गुण्या
त्यांनी त्याच्या टोकावर ठेवला. बसला.
सरकवत दुसऱ्या टोकाकडे नेला. बसला.
"तिसरं बघायचं नाही," म्हणाले,
"त्याला आता जायला जागा कुठे आहे?
एकशे ऐंशीतलं दोघांनी आपापलं उचललं
की उरलेलं तिसऱ्याचं."

मग पेटीतला दुसरा काढला, पंचेचाळीसवाला.
काटकोन काटकोनात चपखल.
मी घाईने म्हटलं, "समरूप!"
ते हसले नाहीत. गुण्या ठेवून दिला.
एका कोनावर फसणारी मी पहिली नव्हते.

त्या मे महिन्यात पुण्याहून शर्वाणी आली,
आत्याची मुलगी, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी.
मी म्हटलं, "थांब, मी पोहे करून राहिली आहे,"
आणि ती हसता हसता खुर्चीत दुमडली.
"करून राहिली? मग राहिलीस कुठे?"
पोह्यांवर शेव घातली, जीरावन भुरभुरलं,
तेही तिला चूकच वाटलं.
रात्री गच्चीवर मी वहीत मांडत बसले:
तिची मराठी, माझी मराठी.
बाजू मोजल्या. तिच्या लांब, सरळ.
माझ्या आखूड, मधे मधे हिंदीच्या गाठी.
प्रमाण काही जुळेना.
कोन मोजायचं सुचलंच नाही.

आता मीच शिकवते. दहावीची अकरा मुलं,
सतरंजीवर, पंख्याखाली.
"मॅडम, दिख तो रहे हैं एक जैसे."
दिसतात रे. दिसण्याला गुण नाहीत.
दोन बाजू प्रमाणात आहेत? ठीक.
पण कोन त्यांच्या मधलाच हवा,
कडेला उभा राहिलेला साक्षीदार चालत नाही.
आणि नावं क्रमाने लिहा.
क्रम चुकला
की खरं विधानसुद्धा खोटं पडतं.

भाऊ गेले तेव्हा शर्वाणी आली.
दोघींचे केस पांढरे, तिचे न रंगवलेले.
तेराव्यानंतरच्या सकाळी माझ्याआधी उठून
ती चहा टाकत होती. मी दारात.
तिने चमचा पातेल्याच्या काठावर दोनदा आपटला,
थांबली,
आणि तिसऱ्यांदा अगदी हलकेच.

पन्नास वर्षं हा आवाज मी याच ओट्यावर ऐकलाय.
ती भाऊंजवळ कधी आठवडाभरही राहिली नव्हती.
आत्या करत असेल असं.
त्याआधी आणखी कुणी,
जिचं नाव आम्हा दोघींच्याही वहीत नाही.
वडिलांसमोर आत्या लिहायची,
या ओट्यासमोर तिकडचा ओटा,
मग माझ्यासमोर ती येते.

"काय गं, काय बघतेस?"
"काही नाही."

एक कोन.
एकाने काही सिद्ध होत नाही,
हे मला सागवानी गुण्याने शिकवलंय.
तिची गाडी परवाची आहे.
तिसऱ्याची काळजी नाही मला.
दुसरा
शोधून राहिली आहे.